वाचकांचे प्रश्न : ४२/७५ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे माद्रिदमध्ये असताना तिथल्या एका कलादालनातून मी एका समकालीन स्पॅनिश वास्तववादी चित्रकाराचे स्थिरचित्र विकत घेतले. चुरगळलेल्या कापडावर ठेवलेली तीन मेंब्रियो फळे आणि शेजारी पाण्याचा पेला, एवढेच त्यात आहे. चित्र एचिंगचे असून त्याखाली पेन्सिलीने डावीकडे ४२/७५ आणि उजवीकडे सही आहे. चित्रकलेची जाण असलेल्या एका परिचितांनी ते पाहून ‘म्हणजे हे मूळ चित्र नव्हे, छापील प्रत आहे’ असे सांगितले. मग मूळ चित्र कुठे असते? आणि बेचाळिसावी प्रत पहिलीपेक्षा उणी मानायची का?

उत्तर : ‘छापील’ हा शब्द ऐकला की आपल्या मनात तैलचित्राचा फोटो काढून छापलेले पोस्टर येते, आणि आपल्या परिचितांचा घोटाळा नेमका तिथेच झालेला दिसतो. पोस्टर ही कशाची तरी नक्कल असते. एचिंग ही कशाचीच नक्कल नसते. मूळ चित्र कुठे असते, या आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की ते कागदावर उतरण्यापूर्वी कुठेच नसते, आणि उतरल्यावर ७५ ठिकाणी असते. ४२/७५ म्हणजे ७५ छापांच्या आवृत्तीतला ४२ क्रमांकाचा छाप.

हे पटण्यासाठी ते घडते कसे, हे पाहायला हवे. चित्रकार सुमारे एक-दीड मिलिमीटर जाडीचा, घासून गुळगुळीत केलेला तांब्याचा पत्रा घेतो आणि त्याच्या कडा कानशीने उतरत्या करतो, नाहीतर छापताना दाबाखाली त्या कागद कापतील. पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवून तो सुईने चित्र काढतो. सुई तांबे कोरत नाही, फक्त थर खरवडून तांबे उघडे करते. कोरण्याचे काम आम्ल करते. म्हणून या पद्धतीला मराठीत अम्लरेखन म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये ‘आग्वाफुएर्ते’, म्हणजे शब्दशः जोरकस पाणी. आपल्याकडे रुळलेला ‘तेजाब’ हा फारसी शब्दही अगदी अशाच जोडणीचा आहे: तीव्र, आणि आब म्हणजे पाणी. आता बऱ्याच कार्यशाळांत नायट्रिक आम्लाऐवजी फेरिक क्लोराइड वापरतात, कारण त्याची विषारी वाफ होत नाही आणि रेषाही नेटकी खाल्ली जाते. नाव मात्र जुनेच राहिले आहे.

आपल्या चित्रातल्या फळांखालची सावली आता भिंगातून पाहावी. तो काळा रंग सपाट फासलेला नाही. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांच्या चार-पाच जाळ्या एकावर एक पडून तो झालेला दिसेल. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ राहतो तितकी रेषा खोल जाते, आणि खोल रेषेत जास्त शाई मावते. म्हणून चित्रकार आधी पत्रा थोडाच वेळ बुडवतो, पेल्याच्या काचेवरच्या पुसट रेषा व्हार्निशने झाकून टाकतो, पुन्हा बुडवतो, कापडाच्या घड्या झाकतो, आणि सावल्यांना सर्वांत शेवटपर्यंत आम्लात ठेवतो. कापडाचा पांढरा रंग कोणी लावलेला नाही. तो उघडा राहिलेला कागद आहे. हे सगळे उलटे करायचे असते, ही त्यातली आणखी एक मेख. पत्र्यावर डावीकडे असलेले कागदावर उजवीकडे येते, त्यामुळे खिडकीतला उजेड चित्रात डावीकडून यायला हवा असेल तर पत्र्यावर तो उजवीकडून आणावा लागतो, आणि एखाद्या चित्रात बाटली असेल तर तिच्यावरच्या चिठ्ठीतली अक्षरे उलटी लिहावी लागतात.

असा तयार झालेला पत्रा काही भिंतीवर टांगण्याजोगे चित्र नसते. प्रत्येक छापाच्या वेळी त्यावर शाई चोपडायची, जाळीदार कडक कापडाच्या बोळ्याने आणि शेवटी तळहाताने ती वरवरची पुसून घ्यायची, म्हणजे शाई फक्त रेषांत उरते. मग ओलावलेला जाड कागद आणि त्यावर लोकरीचे फेल्ट ठेवून हे सारे रुळांच्या प्रेसखालून काढायचे. पुसणाऱ्या हाताचा जोर दर वेळी थोडा निराळा पडतो. ४१ व्या आणि ४२ व्या छापांत तुम्हाआम्हाला फरक दिसणार नाही, पण तो असतो. या अर्थाने ७५ पैकी प्रत्येक छाप मूळ आहे. युरोपीय संघाच्या करविषयक नियमांतही मूळ मुद्राचित्राची व्याख्या जवळपास अशीच आहे: कलाकाराने पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेल्या पत्र्यावरून, मर्यादित संख्येत, थेट काढलेले छाप, आणि यांत्रिक किंवा छायायांत्रिक, म्हणजे फोटोच्या आधारे होणारी, प्रक्रिया त्यातून स्पष्टपणे वगळलेली.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण तैलचित्राची संगणकीय छपाई चांगल्या कागदावर करून तिलाही क्रमांक आणि सही देण्याची चाल आता सर्रास पडली आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण ते एचिंग नव्हे, आणि त्या दराने ते विकत घेऊ नये. आपल्या चित्राबाबत खात्री करायची असेल तर दहापट भिंग पुरेसे आहे. संगणकीय छपाईत रंग बारीक ठिपक्यांच्या फवाऱ्याचा बनलेला दिसतो. एचिंगमध्ये सलग रेषा दिसते, आणि कागद तिरप्या उजेडात धरला तर शाई कागदावर किंचित उभी राहिलेली जाणवते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोनही असायला हवा. केवळ त्याच्यावर विसंबू नये, कारण कोरा पत्रा दाबून तो खोटाही उठवता येतो.

बेचाळिसाव्या छापाबद्दल निश्चिंत असावे. क्रमांक बहुधा छाप वाळून सपाट झाल्यावर, सही करताना दिले जातात, आणि तोवर गठ्ठ्यातला क्रम बदललेला असतो. पहिल्या क्रमांकासाठी जास्त पैसे मोजणारे संग्राहक आहेत, पण त्यांची ती हौस आहे, पारख नव्हे. अपवाद ड्रायपॉइंटचा, ज्यात आम्लाशिवाय सुईनेच तांबे ओरबाडतात. त्या रेषेच्या कडेला उठलेली धातूची कोर पहिल्या काही छापांतच झिजते आणि रेषेचा मखमली काळेपणा जातो.

तीन फळे आणि एक पेला एवढ्याचेच चित्र कसे, हे आपण विचारलेले नाही. तरी त्याबद्दल थोडे लिहितो, कारण या चित्राचे कूळ फार जुने आहे. स्थिरचित्राला स्पॅनिशमध्ये ‘बोदेगोन’ म्हणतात. बोदेगा म्हणजे कोठार किंवा मद्याचे तळघर. मेंब्रियो हे नासपतीच्या जवळचे, पिवळे, तुरट फळ. ते कच्चे क्वचितच कोणी खाते, पण स्पॅनिश चित्रकारांना त्याचा ओबडधोबड आकार फार आवडतो. सांचेथ कोतानने १६०२ च्या सुमारास एका खिडकीच्या चौकटीत मेंब्रियो आणि कोबी दोरीने टांगून काढले. ते चित्र आता सॅन दिएगोच्या कलासंग्रहालयात आहे, आणि त्यातला मागचा गडद काळोख पाहिला की आपल्या चित्रातला काळा कोठून आला ते कळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनिओ लोपेथ गार्सिया, त्यांची पत्नी मारिया मोरेनो, इसाबेल किंतानिया अशा माद्रिदच्या वास्तववादी चित्रकारांनी ही परंपरा न्हाणीघर, फ्रीज आणि साध्या काचेच्या पेल्यापर्यंत आणली. किंतानियाची आई शिवणकाम करीत असे, आणि तिने आईला वाहिलेल्या १९७१ च्या चित्रात आई नाही, तिचे शिलाईयंत्र आहे. या मंडळींना घाई ठाऊक नाही: लोपेथ यांनी स्पॅनिश राजघराण्याचे समूहचित्र १९९४ मध्ये हाती घेतले आणि ते २०१४ मध्ये लोकांसमोर आले. राजघराणे तेवढे थांबते, फळ थांबत नाही.

प्रश्न : माझ्याकडच्या स्पॅनिश एचिंगवर अपूर्णांकाऐवजी ‘पी. ए.’ ही अक्षरे व रोमन आकड्यांत ४/८ असे लिहिले आहे. आवृत्ती ७५ ची असताना हे आठ कोठून आले? आणि तांब्याचा पत्रा शेकडो छाप देऊ शकत असेल, तर मर्यादा घालायची तरी कशाला?

उत्तर : ही अक्षरे ‘प्रुएबा दे आर्तिस्ता’ची, म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी राखलेल्या छापांची आहेत. त्यांची संख्या आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावी असा संकेत आहे, तेव्हा ७५ ला आठ हे रीतसर झाले. दर्जात फरक नसतो. याखेरीज ज्यावर चित्रकाराने ‘असेच छापा’ म्हणून मान्यता दिली तो एक नमुनाछाप असतो, आणि विक्रीसाठी नसलेले काही ‘एच. सी.’ छापही असतात. हे सगळे मिळून ७५ चे नव्वदच्या घरात गेले तर नवल नाही. ग्राहकाला एकूण किती छाप निघाले हे विचारण्याचा हक्क आहे, आणि प्रामाणिक दालन ते लेखी देते.

मर्यादेचा प्रश्न मात्र मार्मिक आहे. साध्या रेषांचा तांब्याचा पत्रा काही शे छाप सहज देतो, आणि त्यावर विद्युत्प्रक्रियेने पोलादी मुलामा दिला तर त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा ७५ हा आकडा बहुतेक वेळा तांब्याने नव्हे, चित्रकार आणि प्रकाशकाने ठरवलेला असतो. तो एक शब्द दिलेला असतो, आणि तो मोडता येऊ नये म्हणून आवृत्ती संपल्यावर पत्र्यावर आडव्या-तिरप्या रेघा ओढून तो रद्द करतात.

असे न केल्यास काय होते, ते स्पॅनिश चित्रकार गोयाच्या बाबतीत दिसते. त्याच्या ‘काप्रीचोस’ या ८० चित्रांच्या संचाची जाहिरात ६ फेब्रुवारी १७९९ रोजी माद्रिदच्या वृत्तपत्रात आली. किंमत ३२० रेआल, आणि विक्रीचे ठिकाण त्याच्याच रस्त्यावरचे अत्तरांचे व मद्यांचे दुकान. रस्त्याचे नाव काये देल देसेन्गान्यो, म्हणजे भ्रमनिरासाचा रस्ता. विक्रीही नावाला जागली. १८०३ मध्ये त्याने पत्रे आणि न खपलेले २४० संच राजाला देऊन टाकले आणि मोबदल्यात मुलासाठी निवृत्तिवेतन मिळवले. ते पत्रे राजेशाही छापखान्यात शाबूत राहिले आणि त्यांवरून १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा आवृत्त्या निघाल्या. गोयाने राळेच्या भुकटीने साधलेल्या मऊ करड्या छटा त्यात झिजत गेल्या. पहिल्या आवृत्तीत जिथे रात्रीचे आभाळ दिसते तिथे उशिराच्या छापांत नुसता डागाळलेला राखी पट्टा उरतो. ‘गोयाचे अस्सल एचिंग’ एवढ्याच वर्णनावर विश्वास ठेवून उशिराचा छाप घेणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे, कारण वर्णन तर खोटे नसते. ते पत्रे आज माद्रिदमधल्या सान फेर्नांदो अकादमीच्या संग्रहात आहेत.

प्रश्न : एचिंगभोवतीचा रुंद पांढरा कागद कापून लहान फ्रेम करावी, असे फ्रेमवाला सुचवतो. करावे का?

उत्तर : मुळीच करू नये. कडेचा कागद हा चित्राचाच भाग आहे; गुआरोसारख्या कागदगिरणीचा जलचिन्हाचा पुरावा आणि कार्यशाळेचा उठावाचा शिक्का पुष्कळदा तिथेच असतो, आणि कापलेल्या छापाची किंमत कायमची उतरते. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांगाव्यात. पत्र्याचा दाबलेला चौकोन आणि पेन्सिलीची सही दोन्ही दिसतील इतकी मोठी खिडकी ठेवून आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट लावावा, म्हणजे काच शाईला टेकणार नाही. चित्र पाठीमागे चिकटवून टाकू नये. वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावाव्यात, ज्या पुढे पाण्याने सुटतात. चिकटपट्टीला हात लावू देऊ नये. काळी शाई उजेडाला सहसा दाद देत नाही, कागद मात्र पिवळा पडतो, म्हणून संग्रहालये असे छाप सुमारे ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात ठेवतात. घरी निदान खिडकीसमोरची आणि बाहेरच्या बाजूची ओल येणारी भिंत टाळावी.