बेसबॉलचा कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच ना? मग अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या जो माउअरसारख्या कॅचरने तिसाव्या वर्षीच ती जागा का सोडली?

तुमची विकेटकीपरशी तुलना बऱ्याच अंशी बरोबर आहे. ती जिथे तुटते तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वेगवान गोलंदाजाला कीपर स्टंपपासून बराच मागे उभा राहतो, कॅचरला ती मुभा नसते. पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, पट्टीपासून होम प्लेटचं (फलंदाज जिच्या शेजारी उभा असतो ती पाटी) अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. चेंडू येतो ताशी १५० किलोमीटरच्या आसपास आणि कॅचर बॅटच्या जेमतेम मागे उकिडवा बसलेला असतो. बुमराचा प्रत्येक चेंडू स्टंपला चिकटून, तोही बसून घ्यायचा, अशी कल्पना करा. एका सामन्यात असे दीडशेच्या आसपास चेंडू. सहा महिन्यांच्या मोसमात १६२ सामने असतात, त्यातले ११०-१२० मुख्य कॅचरच्या वाट्याला येतात.

बहुतेकांना वाटतं की कॅचर गुडघ्यांमुळे संपतो. गुडघे झिजतात हे खरंच. माउअरचाही डावा गुडघा २००४ मध्ये, मिनेसोटा ट्विन्सकडून दुसऱ्याच सामन्यात गेला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पण त्याची जागा गेली ती डोक्याला बसलेल्या माराने. बॅटची निसटती कड लागलेला चेंडू, म्हणजे फाउल टिप, दिशा किंचित बदलून सरळ मास्कवर येतो आणि तेवढ्या अंतरात मान वळवायलाही वेळ मिळत नाही. १९ ऑगस्ट २०१३ रोजी माउअरला असाच फटका बसला. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं आणि उरलेला मोसम तो खेळला नाही. २०१४ पासून तो फर्स्ट बेसला, म्हणजे धावपटूच्या पहिल्या थांब्यावर क्षेत्ररक्षणाला, गेला. त्याच्या आधी माइक मॅथेनी या कॅचरची कारकीर्दही अशाच वारंवारच्या धक्क्यांनी संपली होती.

म्हणून साहित्याबद्दल मी आग्रहाने सांगतो. मास्कचे पट्टे करकचून आवळू नयेत. मास्क थोडा हलला, फिरला, तर माराचा काही जोर त्यात जिरतो. घट्ट बांधला तर तो सगळा मानेत आणि डोक्यात जातो. मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड ग्लोव्हमध्ये, चेंडू तळहातावर नाही, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोलगट भागात घ्यायचा, नाहीतर महिन्याभरात तर्जनीचं मूळ सुजतं. मोकळा हात बेसवर कोणी नसेल तर पाठीमागे किंवा घोट्यामागे लपवायचा. धावपटू असेल तर मिटच्या मागे, अंगठा आत घेऊन सैल मूठ करायची. उघडी बोटं म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. १९६० च्या दशकाच्या शेवटी जॉनी बेंच या कॅचरने एका हाताने चेंडू घेण्याची पद्धत रूढ केली, त्याचा मोठा फायदा हाच की उजवा हात वाचला.

जमिनीवर आपटून येणारा चेंडू पकडायचा नसतो, अडवायचा असतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. दोन्ही गुडघे खाली, मधली फट मिटने बंद, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोलाकार, आणि श्वास सोडलेला. छाती ताठ ठेवली तर चेंडू उसळून दहा फूट लांब जातो आणि धावपटू पुढचा बेस घेतो. मान वळवली तर तो संरक्षण नसलेल्या बाजूला, गळ्यावर किंवा कानामागे लागतो.

बेस चोरणाऱ्याला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे पळणाऱ्याला, बाद करणं हा सगळा सेकंदांचा हिशेब आहे. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू मिटमध्ये पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद. तिथून ३८.८ मीटरवरच्या सेकंड बेसला चेंडू पोचेपर्यंत २ सेकंद, याला पॉप टाइम म्हणतात. १.९ च्या आत आला तर तो कॅचर अव्वल. धावपटूला साधारण ३.३ ते ३.४ सेकंद लागतात, म्हणजे फरक डोळ्याच्या पापणीएवढा. हा वेळ फेकीच्या ताकदीत कमी आणि हातपायांत जास्त वाचतो. मोकळा हात मिटकडे न्यायचा नाही, मिट उजव्या कानाकडे आणायचा. उजवा पाय छोट्या पावलाने शरीराखाली, डावा खांदा बेसकडे. आधी पूर्ण उभं राहून मग फेकणारा बरोबर इथेच हरतो. हात बाजूने फिरला तर चेंडू फर्स्ट बेसच्या दिशेला वळतो.

गेल्या काही वर्षांत बहुतेक कॅचर एक गुडघा टेकवून बसू लागले आहेत. गुडघ्यांवरचा भार कमी होतो आणि खालच्या कडेचा चेंडू स्थिर हाताने घेऊन अंपायरकडून स्ट्राइक (फलंदाजाच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू) मिळवणं, म्हणजे फ्रेमिंग, सोपं जातं. बाजूला जाणारा चेंडू अडवणं मात्र कठीण होतं. मला हा सौदा फायद्याचा वाटतो. २०२६ पासून अंपायरच्या स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं, तरी आव्हानं मोजकीच असल्याने फ्रेमिंगचं मोल संपलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू, जी दुखापतीइतकीच महत्त्वाची आहे. कॅचरला दर चार-पाच दिवसांनी विश्रांती द्यावी लागते. म्हणजे तो जितका चांगला फलंदाज, तितकं त्याला तिथे बसवणं संघाला महाग पडतं. माउअरने २००६, २००८ आणि २००९ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोच्च फलंदाजी सरासरी मिळवली. त्या लीगमध्ये दुसऱ्या कुठल्या कॅचरने हे एकदाही केलेलं नाही. २०११ पासूनच्या आठ वर्षांसाठी त्याचा करार १८.४ कोटी डॉलरचा होता. असा खेळाडू दुसऱ्या धक्क्याच्या धोक्यात कोण ठेवेल? क्रेग बिजिओला १९९२ मध्ये कॅचरवरून सेकंड बेसला नेलं ते पाय आणि बॅट वाचवायला. ब्राइस हार्पर तर व्यावसायिक झाल्यावर लगेच आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षणाला, गेला.

अपवाद आहेत. इव्हान रॉड्रिगेझ २,४२७ सामने कॅचर राहिला, तो विक्रम आहे. यादिएर मोलिना १९ मोसम एकाच संघात टिकला. मोलिनाची खरी ताकद बॅटपेक्षा पिचर सांभाळण्यात होती: कोणत्या फलंदाजाला कुठला चेंडू, थकलेल्या पिचरचा कोणता चेंडू आज चालत नाही. ही निवड पिचरला सांगणारी खूण २०२२ पासून बोटांऐवजी बटणाच्या यंत्राने देता येते, २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळाची मर्यादाही लागली, पण निवड डोक्यानेच करावी लागते.

आणि फलंदाजी बेताची असलेल्या कॅचरची ही विद्या वयाबरोबर वाढते, म्हणून संघ त्याला दुसरा कॅचर म्हणून पस्तिशीपर्यंतही ठेवतात. ब्रूस बोची असाच राखीव कॅचर होता. व्यवस्थापक, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, म्हणून त्याने चार वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकल्या.

माउअर ३० सप्टेंबर २०१८ ला, शेवटच्या सामन्यात, पाच वर्षांनी पुन्हा कॅचरचं साहित्य चढवून आला. एकच चेंडू घेतला आणि बाहेर गेला. २०२४ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. कॅचर म्हणून त्याचे सामने हजारही भरले नव्हते.