सॅडल अडकतं, दोष बेअरिंगचा नाही

प्रश्न : मामांचा जुना मायफर्ड एमएल-७ लेथ माझ्याकडे आला आहे. चकजवळ (जॉब धरून फिरवणाऱ्या जबड्यापाशी) सॅडल, म्हणजे टूल घेऊन सरकणारा भाग, डुलतं, म्हणून गिब (त्याचा सैलपणा काढणारी पाचर) आवळला तर दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे नेताना ते अडकून बसतं. जॉबही टेपर, म्हणजे एका टोकाला बारीक, निघतो. ओळखीचा एक फिटर म्हणतो, चक फिरवणाऱ्या हेडस्टॉकमधली बेअरिंगं काढून रोलर बेअरिंग टाका. टाकू का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : नका टाकू. एमएल-७ ची व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगं दोन भागांची असतात, मध्ये पापुद्र्यांची शिम (पातळ पत्रा) असते. ढिली झाली तर पापुद्रा सोलून बसवता येतात, तेल वेळेवर मिळालं तर पिढी काढतात. पुढे सुपर-७ मध्ये त्याच कारखान्याने पुढच्या बाजूला ब्राँझचं निमुळतं बेअरिंग दिलं, ते नक्कीच सरस आहे. पण तुमचा आजार तिथे नाही. एका जागी डुलणं आणि दुसऱ्या जागी अडकणं हे बेअरिंगमुळे होत नाही, बेडमुळे, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या लांब बैठकीमुळे होतं.

बेडला दोन पट्ट्या आहेत, पुढची आणि मागची. जुन्या एमएल-७ मध्ये सॅडलची दिशा फक्त पुढच्या पट्टीच्या दोन उभ्या बाजू धरतात. कागदावर ही रचना चांगलीच आहे, अरुंद आधारावर लांब सॅडल तिरकं होत नाही. पण कापताना जॉब टूलला आपल्याकडे ढकलतो, म्हणजे सगळा दाब त्या पट्टीच्या आतल्या बाजूवर येतो. चकमधला कीसही तिथेच पडतो. बहुतेक काम चकपासून वीतभर अंतरात होतं, म्हणून तेवढाच भाग झिजतो आणि टेलस्टॉककडचा कोरा राहतो. मायक्रोमीटरने पुढच्या पट्टीची रुंदी चकजवळ, मध्ये आणि टोकाला मोजा. दोन-तीन थाउंचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक सापडला की निदान पक्कं.

१९७२ मध्ये मायफर्डने हा आधारच बदलला. सॅडल पुढच्या पट्टीची पुढची बाजू आणि मागच्या पट्टीची मागची बाजू धरू लागलं. तुमच्या बेडची ती मागची बाजू कधी वापरलीच गेली नाही, ती आजही कारखान्यातून निघाली तशी आहे! मला या लेथमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. सॅडलच्या आत, त्या बाजूसमोरची फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) दोन्ही टोकांना मोजा, तेवढी ग्राइंड केलेली स्टीलची पट्टी स्क्रूने बसवा आणि सॅडलचा जुना आतला टेका थोडा खरवडून मोकळा करा. दोन्ही टेके एकदम टेकले तर पुन्हा अडकेल. ब्लू (निळा रंग) लावून कुठे टेकतं ते बघा, घाई करू नका.

बेड ग्राइंड करून आणायचा विचार मनात असेल तर सांगतो. आयटीआयमध्ये शिकवत असताना माझा स्वतःचा लेथ मी एका वर्कशॉपला दिला होता. वरचा भाग छान चकचकीत झाला, पण सॅडल खाली बसलं आणि हाफ नट लीड स्क्रूला (सॅडल चालवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्याला) नीट धरेना. ब्रॅकेट जुळवण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. झीज उभ्या बाजूला असताना आडवी बाजू घासून काय मिळणार होतं?

टेपर राहिलाच तर मग बेडचा पीळ तपासा. चकमध्ये इंचभर जाडीचा गज धरा, टेलस्टॉक लावू नका, गजावर दोन कॉलर (जाड कडी) ठेवून एकाच सेटिंगवर दोन्ही हलके कापा आणि मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या पायाखाली शिम घाला. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशीही तिच्याबरोबर हलते. म्हणून ही तपासणी एकदा मेमध्ये आणि एकदा पोळ्यानंतर करा.

स्टीलची पट्टी कापण्याआधी फटीची मापं मला कळवा. दोन्ही टोकांची हवीत.