लहानपणी जीव की प्राण असलेला 'रेक-इट राल्फ' आता पाहिला तर बालिश वाटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ-नऊ वर्षांचे असताना हा डिस्नेचा अॅनिमेशन सिनेमा (व्हिडिओ गेमच्या मशीनमधला खलनायक राल्फ मेडल मिळवायला दुसऱ्या गेममध्ये शिरतो, त्याची गोष्ट) सगळ्यात आवडता होता, आता बाविशीत पुन्हा लावायची भीती वाटते. त्यात मित्राने सांगितलंय की पहिला अर्धा तास भारी आहे, पुढे नुसत्या गोळ्या-चॉकलेटं.

मित्राचं मत उलटं करून घ्या. जुन्या गेममधली ओळखीची पात्रं येऊन जाण्याची गंमत ओळख पटली की संपते. गोळ्या-चॉकलेटांचा भाग, म्हणजे 'शुगर रश' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, मात्र आता जास्त चढेल.

पण आधी टीव्ही. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. सॅमसंगवर ते 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन' आणि सोनीवर 'मोशनफ्लो' या नावाने सापडतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, मधल्या फ्रेम टीव्ही आपल्या मनाने बनवून भरतो. एरवी त्याने चित्र डेली सोपसारखं गुळगुळीत दिसतं, इतकंच. इथे विनोदच जातो. राल्फच्या गेममधली नाइसलँडची बुटकी माणसं मुद्दाम झटक्याझटक्याने हलवली आहेत, कारण जुन्या गेममधल्या पात्रांना मोजक्याच पोझ असायच्या. केक उडाला तरी भिंतीवर डाग पडतो तो काटकोनी. हे बारकावे मोबाइलवर हरवतात, म्हणून ठाणे-वाशी लोकलमध्ये हप्त्याहप्त्याने पाहू नका. १०१ मिनिटं एका बैठकीत द्या.

भाषा मूळ इंग्रजीच ठेवा, सबटायटल लावून. 'शुगर रश'मधल्या व्हॅनेलोपी या चिमुरड्या रेसरची अर्धी बडबड शब्दखेळ आहे. 'हीरोज ड्यूटी' या गेमच्या नावातल्या 'ड्यूटी'वरचा (ऐकायला 'डूडी', म्हणजे शी) विनोद डबमध्ये कसा आणणार?

लावण्याआधी कागदावर पाच ओळी लिहा: काय आठवतं, कोण आवडलं, कोणाचा राग आला. हे नंतर करून उपयोग नाही. आजचं मत जुन्या आठवणीत मिसळतं आणि 'मला तेव्हाच कळलं होतं' असं वाटायला लागतं. बहुतेकांच्या कागदावर मेडल, गाड्यांची शर्यत आणि कोलाचा डोंगर येतो.

'शुगर रश' लहानपणी फक्त रंगीत का वाटला, याचं एक कारण आपल्या इथलं आहे. ओरिओ २०११मध्ये भारतात आलं होतं आणि मेंटॉस तर कोपऱ्यावरच्या दुकानात होतं, त्यामुळे तेवढे विनोद पोचले. पण दलदलीचं नाव नेस्क्विक या दूधपावडरीवर बेतलंय आणि हसणाऱ्या वेली म्हणजे 'लाफी टाफी' नावाची अमेरिकन गोळी. ठाण्यातल्या पोराला हे कुठून कळणार? आता कळेल. मेंटॉस पडून कोलाचा डोंगर उसळतो त्याचं विज्ञानही बरोबर आहे: मेंटॉसच्या खडबडीत पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे भराभर धरतात, गोळी जड असल्याने तळाशी जाते, आणि कोला गरम असेल तर वायू आणखी जोरात सुटतो. (करून पाहायचं असेल तर २ लिटरची डाएट कोलाची बाटली, फ्रिजमधली नको, आणि ५-६ गोळ्या एकदम. सोसायटीच्या गच्चीवर करा, घरात नाही.)

'शुगर रश'चा राजा किंग कँडी गेमच्या कोडचं दार उघडतो तो क्षण थांबवून पाहा. कंट्रोलरवर तो वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट दाबतो. कोनामी कंपनीच्या 'काँट्रा' या गेममध्ये याने ३ ऐवजी ३० लाइफ मिळायच्या. टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी फुंकून लावणाऱ्या एखाद्या मामाला विचारा, त्याची बोटं आपोआप हलतील.

आता मुख्य गोष्ट. या जगाचे तीन नियम आहेत. स्वतःच्या गेममध्ये मेलात तर पुन्हा उठता, दुसऱ्याच्या गेममध्ये मेलात तर कायमचे. मशीनवर 'आउट ऑफ ऑर्डर' लागलं की प्लग निघू शकतो, आणि आतले सगळे बेघर होतात. आणि ग्लिच (म्हणजे कोडमध्ये बिघाड) असलेल्या पात्राला गेम सोडता येत नाही. पहिला नियम सॉनिक हा गेममधला हीरो पात्रांच्या ये-जा करायच्या स्टेशनवरच्या पडद्यावरून सांगतो. ते स्टेशन म्हणजे सगळ्या मशीनचे प्लग लावलेला एक्स्टेंशन बोर्ड. ठाणे स्टेशनवरच्या घोषणा आपण जशा ऐकून सोडून देतो तसाच तो नियम लहानपणी सोडून दिलेला असतो.

हे तीन नियम डोक्यात ठेवून किंग कँडी राल्फला समजावतो तो प्रसंग पाहा. तो म्हणतो, ही पोरगी (व्हॅनेलोपी) जिंकली तर ती खेळाडूंना निवडता येईल, ती लुकलुकायला लागली की खेळाडूंना वाटेल मशीन बिघडलं, मग प्लग निघेल. बाकीचे पळतील, पण ती ग्लिच आहे, ती आतच संपेल. यातला एकही दुवा सिनेमाच्या नियमांबाहेर नाही. ती ग्लिच झाली कोणामुळे, एवढंच तो गाळतो. राल्फ तिच्याच भल्यासाठी तिची गाडी फोडतो, आणि आठव्या वर्षी आपण त्याच्यावर चिडतो किंवा रडतो. बाविशीत त्याची चूक कुठे झाली ते शोधावं लागतं. चुकीचा माणूस तुमच्याशी तर्काने बोलतोय, असा प्रसंग मुलांच्या सिनेमात फार थोड्या वेळा येतो.

टर्बो या जुन्या गेममधल्या रेसरचा धागाही तपासा. नाव सुरुवातीलाच शिवीसारखं येतं, मधे फेलिक्स (राल्फच्या गेमचा हीरो) त्याची गोष्ट सांगतो आणि उलगडा थेट शर्यतीत होतो. व्हॅनेलोपीचं चित्र मशीनच्या बाजूवर छापलेलं असतं, राल्फला ते फार उशिरा दिसतं. तुम्हाला आधी दिसतं का, बघा.

एक दोष मान्य करावाच लागेल: 'हीरोज ड्यूटी'तली सार्जंट कॅल्हून आणि फेलिक्सची प्रेमकथा उरकलेली वाटते. तेव्हाही वाटली असेल.

२०१८चा दुसरा भाग त्याच रात्री लावू नका. पहिल्या भागात आपला गेम सोडून दुसऱ्याच्या गेममध्ये घुसणं हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे, आणि दुसऱ्यात व्हॅनेलोपी नेमकं तेच करते, तेही राल्फचा प्रेमाने निरोप घेऊन. दोन्ही लागोपाठ पाहिले तर पहिल्याचे नियम पोकळ वाटायला लागतात. मधे निदान एक आठवडा जाऊ द्या.