कर्नलमधला दुहेरी अर्थाचा कॉन्फिग मॅक्रो सरळ ‘शोधा आणि बदला’ करून का काढत नाहीत?

तुमचं म्हणणं असं, की नाव गोंधळाचं आहे हे सगळ्यांना मान्य असेल तर एक सेड (सगळ्या फायलींत शब्द बदलणारी कमांड) चालवा आणि मोकळे व्हा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बनवताना पर्याय निवडायचा एक मेनू असतो; २०१९ साली त्यातलं एक नाव असंच बदललं होतं. काही दिवसांत परत फिरवावं लागलं.

कॉन्फिग मॅक्रो म्हणजे मेनूत पर्याय निवडला की कोडला दिसणारं नाव. कॉन्फिग_प्रीएम्प्ट या एकाच नावावर दोन कामं होती. मेनूत ते निवडणाऱ्याला म्हणायचं असे, मला झटपट प्रतिसाद देणारा डेस्कटॉपवाला कर्नल हवा. कोडमधला इफडेफ (नाव चालू असेल तरच पुढचा कोड कंपाइल करायला लावणारी ओळ) मात्र विचारत असे, कर्नलमध्ये चालू असलेलं काम मध्येच थांबवता येतं का? रिअल-टाइमवाला, म्हणजे काम ठरल्या वेळेत व्हावं यासाठीचा, प्रीएम्प्ट_आरटी हा पर्याय मूळ कर्नलमध्ये येऊ लागला आणि पंचाईत झाली, कारण त्याला दुसरं लागू होतं, पहिलं नाही. आमच्याकडे जतचा माणूस पुण्यात ‘मी सांगलीचा’ म्हणतो, तसलाच प्रकार. जिल्हा की शहर?

मग मेनूतला पर्याय प्रीएम्प्ट_एलएल झाला. पण लोकांच्या जुन्या कॉन्फिग फायलींत प्रीएम्प्टच लिहिलेलं. केकॉन्फिग (या फायली वाचणारी कर्नलची यंत्रणा) त्यावर भांडत नाही; ती ओळ गुपचूप सोडून निवड डिफॉल्टवर नेतं, म्हणजे प्रीएम्प्शन बंद! खुद्द कर्नलमधल्याच ११४ डीफकॉन्फिग (तयार निवडींच्या) फायली बदलाव्या लागल्या असत्या. कर्नल डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर यांनी जुनं नाव वापरणाऱ्याला परत दिलं, आणि कोडसाठी कॉन्फिग_प्रीएम्प्शन हे मेनूत न दिसणारं नवं नाव काढलं. प्रीएम्प्ट किंवा आरटी, काहीही निवडलं की ते आपोआप चालू होतं. इफडेफ मग टप्प्याटप्प्यानं बदलले.

यात माझेही दोन दिवस गेलेत. कुपवाडच्या एमआयडीसीत आम्ही सीएनसी मशिनचे कंट्रोलर करतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये एन्कोडरच्या (मशिनची जागा मोजणारा सेन्सर) मोजणीभोवतीचं लॉक, म्हणजे दोन कामांनी एकाच वेळी आकड्याला हात लावू नये म्हणूनची कडी, इफडेफ कॉन्फिग_प्रीएम्प्टच्या आत होतं (लिहिणारा मीच). कर्नल ४.१९ च्या आरटी पॅचमध्ये आरटी निवडलं की प्रीएम्प्टही चालू व्हायचं, त्यामुळे खपून गेलं. ५.१० वर आलो, तिथं ते होत नाही. लॉकच कंपाइल झालं नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त तासा-दोन तासांनी आकडा मध्येच उडी मारायचा. आम्ही आधी केबल बदलल्या, मग एन्कोडर बदलला. नसलेला मॅक्रो इफडेफला नुसता ‘नाही’ वाटतो, चुकलेला वाटत नाही.

त्यामुळे सेड नको. प्रत्येक इफडेफ उघडून तिथं कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते वाचा. कंटाळवाणं आहे, पण हेच खरं काम. जमेल तिथं इफडेफऐवजी साधा इफ आणि आत इज_एनेबल्ड (पर्याय चालू आहे का ते सांगणारा मॅक्रो) घाला, म्हणजे बंद फांदीसुद्धा कंपायलर तपासतो. ‘हे अजून प्रयोगातलं’ असं सांगणारं कॉन्फिग_एक्सपेरिमेंटल काढणं त्या मानानं सोपं गेलं, कारण त्याला धड एकही अर्थ उरला नव्हता.

आणि तुमच्या मॅक्रोचं नाव लोकांच्या कॉन्फिग फायलीत असेल, तर ते त्यांच्याकडेच राहू द्या. नवं नाव कोडला द्या.