तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्याआधी

तुमच्या आई 79 वर्षांच्या आहेत. एकट्या राहतात आणि पुढेही स्वतःच्या घरीच राहायचं म्हणतात. गेल्या महिन्यात त्या घसरून पडल्या. लागलं नाही, पण तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. आता तुम्हाला एक पॅकेज सुचवलं गेलंय: मोठ्या बटणांचा मोबाइल, गळ्यात घालायचं एसओएस बटण आणि चोवीस तास फोन उचलणारं मदत केंद्र. तीन वर्षांचं शुल्क एकरकमी भरलं तर 20 टक्के सूट. त्यासाठी आईंची मुदत ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

सेवा जरूर घ्या. ठेव मात्र मोडू नका.

36 महिन्यांच्या शुल्कावर 20 टक्के सूट म्हणजे तुम्ही आज 28.8 महिन्यांचे पैसे भरताय. सेवा 29 महिने चालली तर कुठे बरोबरी सुटते. ठेव मुदतीआधी मोडल्यामुळे बुडणारं व्याज धरलं तर त्याहूनही उशिरा. या वयात अडीच वर्षांत बरंच बदलतं. बोटं आखडतात, बटण दाबवत नाही. ऐकू कमी येतं. कदाचित त्या तुमच्याकडे राहायला येतील. कंपनीनेच सेवा गुंडाळली तर भरलेले पैसे परत मिळवायला तुम्हालाच धावावं लागेल. आणि उद्या हाड मोडलं, दोन महिने घरी मदतनीस ठेवावा लागला, तर हीच ठेव उपयोगी पडणार आहे. महिन्याच्या महिन्याला भरा, थोडं महाग पडलं तरी. वर्षभराचं शुल्क बचत खात्यात वेगळं काढून ठेवा, म्हणजे हप्ता चुकणार नाही.

आता पैसे नेमके कशासाठी मोजायचे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार 65 च्या पुढची 28 ते 35 टक्के माणसं दरवर्षी पडतात. पडण्याइतकंच घातक असतं पडून राहणं. तासन्‌तास जमिनीवर एका कुशीवर राहिल्याने स्नायूंना इजा होते, अंगातलं पाणी कमी होतं, त्वचेवर जखमा होतात. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या 110 जणांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बऱ्याच जणांकडे मदतीची घंटा होती, तरीही जे पडून बराच वेळ जमिनीवर राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती वाजवलीच नाही.

मला यात नवल वाटलं नाही. माझी मावशी आंघोळीला जाताना बटण काढून बाहेर खुंटीला लावायची, भिजू नये म्हणून. ती आत पडली तेव्हा दाराच्या फटीतून ते लोंबणारं बटण तिला दिसत होतं. शेजारीण दार वाजवेपर्यंत ती त्याच्याकडे बघत पडून होती. म्हणून माझा आग्रह आहे की पाण्यात चालणारंच बटण घ्या आणि आंघोळीतही ते गळ्यात राहू द्या. रंग, दोरी, मनगटावर हवं की गळ्यात, हे आईंना ठरवू द्या. न आवडलेली वस्तू कपाटात जाते आणि तुम्ही महिन्याला त्या कपाटाचं भाडं भरत राहता.

पडणं आपोआप ओळखणाऱ्या उपकरणासाठी जास्त पैसे मागतील. परवडत असेल तर घ्या, पण त्यावर विसंबू नका. खुर्चीवरून हळूच घसरलेला माणूस त्याला बऱ्याचदा कळत नाही. उपकरण 4जीवर चालतं ना, ते आधी विचारा. 2जी आणि 3जी अनेक ठिकाणी बंद होत चाललंय, आणि नेटवर्क नसलेलं बटण नुसतं गळ्यात लटकतं. आईंना श्रवणयंत्र असेल तर फोन त्यातल्या टेलिकॉइलशी, म्हणजे फोनचा आवाज थेट यंत्रात घेणाऱ्या छोट्या तारेच्या वेटोळ्याशी, जुळतो का, तेही बघा.

सगळ्यात आधी एक गोष्ट मात्र पक्की करा. केंद्राने फोन उचलला, तर दारापर्यंत जाणार कोण? किल्ली कोणाकडे आहे? जवळ राहणारी निदान दोन माणसं हवीत, आणि दोघांनाही विचारून त्यांचे नंबर द्यायचे. हे काम फुकटात होतं, आणि ते झालेलं नसेल तर बाकी सगळा खर्च वाया आहे.

सही करण्याआधी महिनाभराची चाचणी मागा. त्या महिन्यात एकदा आईंकडे मुक्कामाला जा आणि रात्री अडीच वाजता त्यांनाच बटण दाबायला सांगा. माणसाचा आवाज यायला किती वेळ लागला, तो त्यांच्याशी कसा बोलला, हे दोघींनी मिळून ऐका.