‘ऑल युअर बेस’ म्हणजे नेमकं काय, आणि तो शेरा तुम्हाला का मिळाला

तुमच्या गेमच्या मराठी भाषांतरावर तपासणाऱ्याने ‘हे तर ऑल युअर बेस झालंय’ एवढंच लिहून फाइल परत पाठवली, याचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. पहिल्याच वर्षी हाच शेरा मलाही मिळाला होता.

मूळ वाक्य ‘ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस’, म्हणजे मोडक्या इंग्रजीत ‘तुमचे सगळे तळ आता आमचे’. तोआप्लान या जपानी कंपनीचा ‘झीरो विंग’ हा अंतराळयुद्धाचा गेम 1989 साली आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आला. पुढे सेगा मेगा ड्राइव्ह या घरच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आणताना त्याला सुरुवातीचा एक प्रसंग जोडला, आणि युरोपातल्या आवृत्तीत त्याचं इंग्रजी असं मोडकं झालं. 2001 च्या सुमारास त्यावरचा एक फ्लॅश व्हिडिओ (तेव्हाचा इंटरनेटवरचा ॲनिमेशनचा प्रकार) जगभर फिरला, तेव्हापासून हे वाक्य म्हणजे फसलेल्या भाषांतराची खूण.

लोक व्याकरणावर हसतात. मला जास्त लागतं ते वेगळंच. जपानी वाक्यात खलनायक कॅट्स म्हणतो, ‘संघराज्य सरकारच्या सैन्याच्या सहकार्याने तुमचे तळ सगळेच्या सगळे कॅट्सने घेतले आहेत.’ म्हणजे आपल्याच सैन्याने दगा दिलाय! इंग्रजीत हा अर्धा भाग साफ गळाला. शिवाय ‘घेतले’साठी जपानीत जे क्रियापद आहे ते नम्रतेचं आहे, शत्रू अदबीने बोलून जखमेवर मीठ चोळतोय. तेही गेलं. जपानीत नामाला सक्तीचं अनेकवचन नसतं, त्यामुळे इंग्रजीत ‘बेसेस’ऐवजी एकवचनी ‘बेस’च राहिला. गंमत बघा, जपानी आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे वाक्य मराठीत जवळजवळ जागच्या जागी बसतं. (जपानी मी दोन परीक्षांपुरतीच शिकलोय, जाणकारांनी चुकलं तर सांगावं.)

आता माझं. एका भाषांतर एजन्सीने, नाव घेत नाही, मला एक्सेलमध्ये हजारेक ओळी पाठवल्या. चित्र नाही, कोण कोणाला बोलतंय ते नाही. एका ओळीत आकड्याच्या जागेपुढे (तिथे गेम स्वतः आकडा भरतो) फक्त ‘लेफ्ट’ होतं. मी दोनदा स्क्रीनशॉट मागितले. उत्तर आलं, ‘शीटमध्ये आहे तेवढंच, उद्या द्या.’ मी ‘डावीकडे’ लिहून मोकळा झालो. पडद्यावर तीन लाल बदामांच्या शेजारी ‘३ डावीकडे’ झळकलं. ‘लेफ्ट’ म्हणजे तिथे ‘उरलेले’, खेळाडूचे उरलेले जीव होते ते! ‘ड्रॉ’ म्हणजे बरोबरी, तिथे ‘चित्र काढा’. निम्मे पैसे कापले, आणि समन्वयकाने फोन उचलणं बंद केलं. पैशांपेक्षा जास्त महाग पडलं ते हे, की शंका असूनही मी ती फाइलमध्ये लिहून ठेवली नव्हती. मेलवर विचारलेलं तपासणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, त्याच्यासमोर फक्त तुमची ओळ असते.

माझं ठाम मत आहे की संदर्भ न देता गेमचं भाषांतर मागणं हीच मुळात चूक आहे, आणि तिचा दोष नेहमी भाषांतरकारावर येतो. सगळ्याच एजन्सी अशा नसतात, दोन चांगल्याही भेटल्या. पण ‘उद्या द्या’ म्हणणाऱ्यांकडे मी आता जात नाही. अर्थात घर चालवायचं असेल तर नकार देणं सोपं नाही, हे मान्य.

आणखी एक, आकड्याच्या जागा असलेली वाक्यं वेगळी काढून तपासा. ‘१ नाणी मिळाली’ हे मी मोठ्या मोठ्या गेममध्ये अजून बघतो.

तुमच्या बाबतीत, तो शेरा तसाच गिळू नका. कोणत्या ओळी, ते क्रमांकासह लेखी मागा, आणि प्रत्येक क्रमांकापुढे तिथला स्क्रीनशॉट मागा. पैशांचं बोलणं त्यानंतर.