दिवाणखान्यातले चिलखत : अस्सल की नक्कल?

प्रश्न : होटगी रस्त्यावरील आमच्या नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी युरोपीय सरदाराचे नखशिखान्त पोलादी चिलखत देऊ करीत आहे. ते पंधराव्या शतकातील असल्याचे तो सांगतो. खात्री कशी करावी? त्यावरील काळवंडलेल्या पितळी पट्ट्या चिंचेने घासल्या तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इसार दिला नसेल तर तूर्त देऊ नये. त्या काळातील संपूर्ण चिलखत इतके दुर्मीळ आहे की मोठ्या संग्रहालयांतील अनेक चिलखतेही निरनिराळ्या सुट्या भागांची जुळणी करूनच उभी केलेली आहेत.

प्रथम शिरस्त्राण उलटे करून आतून पाहावे. इटलीतील मिलान किंवा जर्मनीतील न्यूरेम्बर्गचा कारागीर पत्रा ठोकून घडवीत असे, त्यामुळे जिथे घाव बसण्याचा संभव अधिक तिथे तो जाड, इतरत्र पातळ असतो आणि अस्तराखाली झाकल्या जाणाऱ्या आतल्या बाजूवर हातोडीचे ठोके तसेच राहिलेले असतात. शोभेच्या नकलेचा पत्रा सर्वत्र सारखाच, साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि माथ्यावरची वेल्डिंगची शिवण बाहेरून ग्राइंडरने घासली तरी आतून बहुधा दिसतेच. मग कोपर व गुडघा वाकवून पाहावा. अस्सल चिलखत साधारण २० ते २५ किलोंचे असून ते घालून स्वार घोड्यावर चढत असे, म्हणजे त्याचे सांधे सहज वळायला हवेत; नकलेतले सांधे पुष्कळदा नुसते स्क्रूने आवळलेले असतात. गंजावर मात्र विसंबू नये, तो आम्लाने हवा तसा आणता येतो.

अशा नकला आज देहरादूनकडेही बनतात व परदेशी जातात. तथापि सर्वच नकला टाकाऊ नव्हेत. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन येथे मध्ययुगीन थाटाची रणस्पर्धा भरली (ती पावसाने पार धुऊन नेली) आणि त्या शतकात अशा चिलखतांची हौस वाढली. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटच्या कारखान्याने तर हाताने घडवलेल्या उत्कृष्ट प्रतिकृती तयार केल्या. तशी वस्तू असेल तर तिला स्वतःचे मोल आहे, पण तेही जाणकाराला दाखवूनच ठरवावे. एरवी शोभेच्या वस्तूचाच भाव द्यावा.

चिंच समईला ठीक, इथे नको. पितळी पट्टी पोलादावर रिव्हेटने बसवलेली असते. आंबट पाणी दोहोंच्या फटीत शिरले की पोलाद आतून गंजू लागते. धातूचे पॉलिश अगदी थोडे, कापडावर घेऊन लावावे, पुसून काढावे आणि वर मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्याचे भय नाही. पावसाळ्यात मात्र चिलखत बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि उघड्या हाताने हाताळू नये, कारण घामेजलेल्या बोटांचे ठसे पुढे गंजून जसेच्या तसे उमटतात.